तिसऱ्या दिवशी घ्यायचं नाव

"लेकरं आधी!" संपत ओरडला आणि नीलमच्या हातातली पाण्याची बाटली सुटून तिच्याच पायावर पडली. झालं होतं एवढंच, की शिक्रापूरच्या चौकातून चाकणकडे वळणारा एक लांबलचक ट्रेलर मागं येत येत शाळेच्या व्हॅनला घासायला आला होता, आणि व्हॅनवाला संपत उडी मारून खाली उतरला होता, हात आडवा करून ट्रेलरच्या वाटेत उभा राहिला होता. "रुक ना भाय, दिखता नहीं क्या? लेकरं आधी. लेकरं आधी जाऊ दे!" ट्रेलर थांबला. संपत परत गाडीत चढला. आतून सलोमी, नीलमची साडेचार वर्षांची मुलगी, काचेला नाक लावून आईकडे बघत होती. व्हॅन गेली, धूळ बसली, आणि नीलम तशीच उभी. दोन वर्षं हा माणूस रोज सकाळी या कोपऱ्यावर येत होता. 'या वहिनी', 'डबा दिला का', 'उद्या सुट्टी हाय बरं का' असलं काहीबाही बोलत होता. त्याचं बोलणं तिनं रोज ऐकलं होतं, पण त्याला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. आणि हा ओरडलेला आवाज तिनं ऐकला होता. एकदाच. तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी, तोंडाला बांधलेल्या रुमालाच्या आतून.

घरी परतताना ती रस्ता दोनदा चुकली. खात्री करायला नको होती, खात्री झालीच होती. त्या रविवारी मंडळीत, त्यांच्या ख्रिस्ती प्रार्थनासभेत, तिसरं गीत चालू होतं. मंडळी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानामागचा एक भाड्याचा गाळा, वर पत्रा, पुढं शटर, आत लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणि चाळीसेक माणसं, बहुतेक कंपन्यांतली. इंद्रजीत, तिचा नवरा, ढोलकीवर होता. सातजण आत आले तेव्हा तो हसूनच उठला, "या दादा, बसा ना, बोलू," म्हणाला, आणि 'बोलू'मधला 'लू' त्याच्या तोंडातच फुटला. मग खुर्च्या. खुर्चीचा पाय मोडला की त्याला टोक येतं, हे तिला त्या दिवशी कळलं. 'धरम बदलतो का, धरम?' कुणीतरी विचारत होतं, आणि उत्तराला जागाच ठेवत नव्हतं. आणि तेवढ्यात शटरपाशी उभा असलेला एकजण ओरडला होता, "लेकरं आधी! लेकरं भायेर काढा, लेकरं आन् त्यांच्या आया!" त्यानं अर्धवट ओढलेलं शटर एका हातानं वर धरलं होतं, कुणाच्या डोक्याला लागू नये म्हणून. सलोमीला कमरेवर घेऊन नीलम त्याच्या काखेखालून वाकून बाहेर पडली होती. कुणी दार धरलं की 'थँक्यू' म्हणायची कॉलेजपासूनची सवय. तो शब्द तिच्या जिभेवर आला होता. खरंच आला होता. मग शटर खाली आलं. तिनं सलोमीचे कान दाबून धरले. तिचे स्वतःचे कान उघडे राहिले. नवरा आत होता आणि ती बाहेर, उन्हात, सुखरूप. कुणी ढकललं नव्हतं तिला. कुणीतरी वाट दिली होती आणि तिनं ती घेतली होती. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पोलिसांच्या कागदावर सात जणांपुढं 'अनोळखी इसम' एवढंच लिहिलं होतं, आणि सगळ्या मंडळीत सातातला एक आता ओळखीचा होता तो फक्त तिच्या.

उपास त्याच दिवशी, बुधवारी सुरू झाला. तीन दिवस, फक्त पाणी, शुक्रवारी दुपारी तीनला सोडायचा. मंडळीचे पाळक हौसराव. तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, दौंड डेपोला. निवृत्तीनंतर सेवेत आले आणि अजूनही प्रार्थना सुरू करताना समोरचा रस्ता बघितल्यासारखे डोळे बारीक करायचे. त्यांच्या मंडळीची एक रीत होती, दुसरीकडं नीलमनं कुठं पाहिली नव्हती. मोठा उपास सोडायच्या आधी सगळ्यांनी डोळे मिटायचे, आणि एकेकानं उभं राहून आपल्याला ज्यानं दुखावलं त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि त्याला आशीर्वाद द्यायचा. ऐकणाऱ्यानं डोळे उघडायचे नाहीत. ऐकलेलं नाव गाळ्याबाहेर न्यायचं नाही. "पोटात अन्न असलं ना," हौसराव म्हणायचे, "की मानूस वैऱ्याला वरवर आशीर्वाद देतो. भुकेल्या पोटी दिलेला खरा." या वेळी ते म्हणाले, "पोलिसांकडं त्या सात जनांची नावं न्हाईत. देवाकडं हायेत. आपुन बिननावाचा आशीर्वाद देऊ."

"आशीर्वाद?" मागून विक्रम म्हणाला. विक्रम तिचा धाकटा दीर. त्या रविवारी त्याची फर्स्ट शिफ्ट होती. भावाला मारलं तेव्हा तो रांजणगावला मशीनवर होता, आणि तेव्हापासून तो कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. "मला सात नकोत, पाळकसाहेब. एक नाव द्या. एकच. मग बघा कसा आशीर्वाद देतो."

"बस खाली," हौसराव म्हणाले. "गाडी न्यूट्रलला आन."

कुणी हसलं नाही. नीलमनं पदर दातात धरला. एक नाव तिच्या टाळूला चिकटलं होतं, गरम दुधावरच्या सायीसारखं.

इंद्रजीतचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले होते, दीड महिना. डाळीचं पाणी, दूध, मोसंबीचा रस, सगळं दातांच्या फटीतून नळीनं. हौसरावांनी त्याला सांगितलं होतं, तुला उपास माफ, तुझा तसाही चालूच हाय. पण त्यानं मान हलवली आणि बुधवारपासून नळीतून फक्त पाणी घ्यायला लागला. बोलणं बंद, म्हणून तो मोबाइलवर टाइप करून तिच्यापुढं धरायचा. बुधवारी संध्याकाळी त्यानं लिहिलं, 'नावं कळू नयेत असं वाटतं.' तिनं विचारलं, का? त्यानं बराच वेळ अंगठा स्क्रीनवर धरून ठेवला. मग लिहिलं, 'कळलं तर मला माफ नाही करता येणार. आत्ता येतंय.' ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. ओटा थंड होता. माफी ही इतकी बारीक तारेनं बांधलेली गोष्ट असते, आणि पक्कड आपल्या हातात आहे.

उपासाची नीलमला सवय होती. ती केडगावची. तिची आई ललिता मिशनातल्या मोठ्या स्वयंपाकघरात कामाला होती, आणि उपासाच्या दिवशी तिथल्या चुली गार असायच्या. एवढ्या मोठ्या खोलीत धूर नाही, भांड्याचा आवाज नाही, हे लहानपणी तिला एखाद्याच्या मरणासारखं वाटायचं. नऊ वर्षांची असताना तिनं शुभ शुक्रवारी लपून एक पेरू खाल्ला होता. आईनं तोंडाचा वास घेतला आणि कानशिलात अशी ठेवून दिली की पेरूच्या बिया गालाच्या आतल्या बाजूला रुतल्या. मग तीच आई गुडघ्यावर बसून रडत प्रार्थना करत होती. "उपासात मानूस निर्मळ व्हतं असं नसतं गं," पुढं कधीतरी आई म्हणाली होती. "विहीर उपसल्यावर काय दिसतं? गाळ. चपला, मेलेली घूस, कुनाची तरी कळशी. पानी व्हतं तवर सगळं झाकलेलं." कॉलेजात, रोज केडगावहून रेल्वेनं पुण्याला जाऊन बीएस्सी करताना, नीलम तिला समजावायची, आई, ते सगळं रसायन असतं, शरीर चरबी जाळायला लागतं, श्वासाला ॲसिटोनचा वास येतो, डोकं भणाणतं. गुरुवारी सकाळी तिला तो वास स्वतःच्या तोंडाला आला, नेलपॉलिश काढायच्या बाटलीचा. आणि त्या वासाबरोबर गाळ वर आला.

तिला दिसायला लागलं. डोळे मिटून गाळ्यात सतरंजीवर बसली की दिसायचं. चौकातला तो ट्रेलर न थांबता मागं येतोय. व्हॅनचा पत्रा वहीच्या पानासारखा दुमडतोय. संपतची छाती स्टेअरिंगमध्ये शिरतेय, हळू, अगदी हळू, म्हणजे त्याला कळावं. आजूबाजूला बायका 'प्रभू दया कर' म्हणत होत्या, आणि ती त्या लयीवर चित्रं पुढं सरकवत होती. त्याच्या तोंडावर रुमाल बांधला. मोडलेल्या खुर्चीचं टोक त्याच्या दातांवर आपटलं, पहिल्यांदा वरच्या, मग खालच्या. पण प्रत्येक वेळी, चित्र सुरू करायच्या आधी, ती व्हॅनमधून मुलं खाली उतरवून घेत होती. एकेकाला. सलोमीला पहिली. लेकरं आधी. आपण त्याचाच नियम पाळतोय हे लक्षात आलं तेव्हा तिला कोरडी उबळ आली. तिनं ओढणी तोंडात कोंबली. शेजारच्या रतनबाईंनी, पाळकांच्या बायकोनं, तिच्या पाठीवर हात फिरवला. "पवित्र आत्म्याचं काम चाललंय," त्या कुजबुजल्या. "रड, रड पोरी, मोकळी व्हय."

आणि तरीही तिनं सलोमीला परत त्याच्याच व्हॅनमध्ये बसवलं होतं. हे कसं, ते तिला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. व्हॅन बंद केली तर त्याला संशय येईल, त्याच्या बरोबरच्या सहाजणांना कळेल, ही पहिली भीती. खरी होती ती. पण तिच्याखाली आणखी एक गोष्ट होती, आणि गुरुवारी सकाळी ती उघडी पडली. संपतनं सलोमीला उचलून आत ठेवलं, तिचा पाय दारात अडकणार नाही असं बघून दार सरकवलं, आणि नीलमच्या मनात आलं, हा तिला काही होऊ देणार नाही. साऱ्या शिक्रापुरात, या ट्रकांच्या, कंटेनरच्या गर्दीत, मुलीच्या बाबतीत तिचा कुणावर भरवसा असेल तर याच्यावर. याच हातांवर. त्या क्षणी तिला त्याचा खून करावासा वाटला.

"वहिनी," संपत म्हणाला. तो पुढं जाऊन परत आला होता, हातात पिशवी. "दादांचं कसं हाय आता? जेवत्यात का?"

"नाही. तारा आहेत दाताला."

"व्हय व्हय. तारा." तो पिशवीच्या बंदाशी चाळा करत होता. "घरची डाळिंबं हायेत. रस काढून द्या. रगत भरून येतं म्हंत्यात."

तिनं पिशवी घेतली. घेतली, हेच. नको म्हणता आलं असतं.

"आन् तुमी काय आजारी हाय का? त्वांड सुकलंय."

"उपास आहे."

"कशाचा?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिशीतला साधा माणूस, गालावर दाढीची खुरटं, शर्टाच्या खिशाला पेन. "तुम्हाला कळणार नाही, संपतभाऊ," ती म्हणाली. तो कसनुसं हसला. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न मारला तसा तो पळाला.

घरी येऊन तिनं डाळिंबं चिरली नाहीत. मोरीत ठेवली आणि वरवंटा उचलला. पहिलं फुटलं तेव्हा दाणे भिंतीवर उडाले. दुसरं. तिसरं. लाल पाणी बोटांच्या पेरांतून, फरशीच्या सांधीतून वाहायला लागलं, आणि दोन दिवसांच्या भुकेला त्या वासानं तोंडात इतकं पाणी सुटलं की ते हनुवटीवर ओघळलं. ती मारत राहिली. साली, पडदे, बिया, सगळ्याचा चेंदा होईपर्यंत. मान वर केली तर दारात इंद्रजीत उभा. उपासानं त्याची मान बारीक झाली होती, डोळे मोठे. त्यानं मोबाइल पुढं धरला. 'कोणी दिली?'

"बाजारातनं आणली. नासकी निघाली."

तो तिच्या हातांकडे बघत राहिला. त्याला सगळं कळलं असावं किंवा काहीच नाही. तो वाकला, मोरीतला नळ सोडला आणि हळूहळू गेला.

शुक्रवारी दोनलाच गाळा भरला. शटर पूर्ण वर होतं. ते खाली ओढायचं नाही असा त्या रविवारनंतर ठराव झाला होता. तिसऱ्या दिवशी माणसं कशी दिसतात. ओठांना पांढरी खपली, डोळ्यांत एक विचित्र चमक, बोलणं हळू आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या जरा जास्त जवळ. कोपऱ्यात रतनबाईंनी स्टोव्हवर पेज ठेवली होती, आणि तांदळाच्या वाफेनं सगळ्यांच्या माना एकसारख्या तिकडं वळत होत्या. नीलमनं सकाळीच संपतला निरोप दिला होता, आज सलोमीला घरी नको, गाळ्यापाशी सोडा. रोज अडीचला शाळा सुटायची, पावणेतीनला व्हॅन यायची. हा निरोप आपण का दिला याचा विचार तिनं केला नाही. केला नाही, असं ती नंतर स्वतःला सांगणार होती.

"डोळं मिटा," हौसराव म्हणाले. "नावं घिऊ."

पहिल्या भामाबाई उठल्या, सत्तरीच्या, खणखणीत. "माझी शेजारीन अंजना. रोज खरकटं पानी माझ्या तुळ... माझ्या मोगऱ्यात वततीया. तिला आशीर्वाद दे बापा. आन् तिची मोरी तुंबव."

"भामाबाई," हौसराव म्हणाले.

"बरं. तुंबवू नगं."

मिटलेल्या डोळ्यांमागून हसू पसरलं, अशक्त, पोट धरून. मग कुणी सासऱ्याचं नाव घेतलं, कुणी सुपरवायझरचं. कुणीतरी आपल्याच आईचं नाव घेऊन हुंदका दिला. इंद्रजीत उठला. त्याला नाव घेता येत नव्हतं आणि घ्यायचंही नव्हतं. तो नुसता उभा राहिला, दातांमागून एक घुमणारा आवाज काढला, पाळण्याशी काढतात तसा, आणि बसला. तो आवाज आशीर्वाद होता. गाळ्यातल्या सगळ्यांना तो कळला. त्यानंतरची पाळी तिची.

ती ठरवून आली होती. 'माझ्याकडे नाव नाही' एवढं म्हणायचं होतं. उभी राहिली तेव्हा भिंती थोड्या सरकल्या. तिनं जीभ ओली केली. तिला वाटलं, आपण नाव घेतलं नाही तर ते आपल्या आत सडेल, आणि घेतलं तर? नियम आहे. डोळे मिटलेले आहेत. बाहेर जाणार नाही. देवापुढं तर घ्यायलाच हवं, त्याला माहीतच आहे. भुकेनं विचार किती लख्ख होतात, काचेच्या तुकड्यांसारखे. कुठलाही हातात घेतला तरी बरोबरच वाटतो.

"संपत," ती म्हणाली. "सलोमीचा व्हॅनवाला. तो होता शटरपाशी."

"आशीर्वाद दे, पोरी," हौसरावांचा आवाज आला, एकदम म्हातारा झालेला. "नाव घेतलंस, आता आशीर्वाद दे. तसं सोडू नगंस."

तिनं तोंड उघडलं. आणि मग तिनं ते केलं जे करायचं नसतं. तिनं डोळे उघडले. चाळीस मिटलेल्या चेहऱ्यांमध्ये आणखी दोन डोळे उघडे होते, सरळ तिच्यावर रोखलेले. विक्रमचे. किती वेळ ते एकमेकांकडे बघत होते कुणास ठाऊक. ती मान हलवू शकली असती. नुसती एवढीशी, नाही म्हणून. तिनं हलवली नाही. बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला, दोनदा, नेहमीसारखा.

विक्रम उठला तेव्हा त्याच्यामागं आणखी तिघे उठले. म्हणजे त्यांनीही डोळे उघडले होते. शटर ओढायची लोखंडी सळई भिंतीला टेकलेली होती, ती त्यानं जाता जाता उचलली, छत्री उचलावी तशी. संपतनं नुकतं व्हॅनचं दार सरकवलं होतं. त्यानं चौघांना येताना पाहिलं, सळई पाहिली, आणि त्याला विचारायचं काही उरलं नाही. तो पळाला असता तर सुटला असता. मागं हायवेपर्यंत मोकळी गल्ली होती. त्यानं दार परत लावून घेतलं, खटकन, आणि त्याला पाठ लावून उभा राहिला.

"आत लेकरं हायेत," तो म्हणाला. "हितं नगं. तिकडं चला, मी येतो."

पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा मनगटावर, आणि हाड मोडल्याचा आवाज तिला ओळखीचा वाटला. त्यानं हात वर केला नाही. तो घसरत खाली बसला, पण पाठ दारालाच, आणि व्हॅन त्याच्या धक्क्यानं हलत होती, आत मुलं किंचाळत होती. विक्रम तोंडातल्या तोंडात काही बोलत होता, प्रत्येक घावाला एक शब्द, आणि तीन दिवसांच्या उपाशी अंगात हे बळ कुठून आलं होतं? हौसराव धावले. धावता येत नव्हतं त्यांना, ते पडलेच संपतवर, दोन्ही हात पसरून, आणि पुढची सळई त्यांच्या पाठीत बसली. "मार," ते म्हणत होते, "मला मार, मी घ्यायला लावली नावं." इंद्रजीत बाहेर आला, भावाला मागून मिठी मारली, त्याच्या तोंडातून शब्द नाही, तारांमधून नुसता गुरासारखा आवाज, आणि ओठांच्या फटीतून लाळ आणि रक्त. रतनबाई ओरडत होत्या. पेज उतू जाऊन स्टोव्ह विझला होता, त्याचा जळका वास.

नीलम गाळ्याच्या उंबऱ्यावर उभी होती. तिला काय वाटत होतं ते तिला स्वच्छ कळत होतं, आणि ते नंतर कधीही कुणापुढं, डोळे मिटूनसुद्धा, म्हणता येणार नव्हतं. तिची भूक गेली होती. तीन दिवसांत पहिल्यांदा पोट शांत, भरलेलं, ऊबदार होतं, पंगतीतून उठल्यासारखं.

मग सळई पडल्याचा आवाज आला. विक्रम रस्त्यातच बसून रडायला लागला. हौसरावांनी आणि इंद्रजीतनं संपतला बाजूला ओढलं. त्याचा एक हात उलटा वळला होता, डोळा बंद झाला होता, पण तो मान वळवून दाराकडेच बघत होता. दाराची कडी ओली होती. नीलमनं ती धरली, सरकवली. आत सातेक मुलं एकमेकांना चिकटून शेवटच्या बाकावर. सलोमी सगळ्यांत मागं, काचेला टेकून. काचेतून सगळं दिसत होतं. चौघांच्या मागं उंबऱ्यावर उभी असलेली आईसुद्धा.

"ये बाळा," नीलम म्हणाली. "ये, झालं आता. आई आहे ना."

सलोमी हलली नाही. नीलमनं आत वाकून हात पुढं केला, तिचा दंड धरला, ओढला. तेव्हा सलोमीनं मान खाली घातली आणि आईच्या मनगटात दात रोवले. लहान, तीक्ष्ण, सगळे दुधाचे दात. ती ओरडली नाही, रडली नाही, नुसती चावत राहिली, जबडा आवळून, नाकानं जोरजोरात श्वास घेत. कातडी फुटल्याचं नीलमला कळलं. दुसऱ्या हातानं तिला बाजूला करता आलं असतं. तिनं तो हात पाठीमागं नेला, व्हॅनचा पत्रा घट्ट धरून ठेवला, आणि दातांतला हात तसाच पुढं ठेवला.